बर्फात वाकवलेलं स्टील

चुंबक टक्कन चिकटलं. तेही टाकीच्या बुडाला.

खऱ्या स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही, म्हणून इखारकाकांनी ते तपासायला सुतळीला बांधून आणलं होतं. जुन्या लाऊडस्पीकरमधून काढलेलं, चांगलं वाटीएवढं. टाकीच्या सरळ अंगावरून ते घसरत होतं आणि बुडाशी आलं की धरून बसत होतं.

"वरून खरं, खालून भंगार," काका म्हणाले. "दिलीप, घरचा माणूस समजून तुले काम देल्लं ना बापू."

इखारकाका तळेगावच्या एका दूध डेअरीचे कर्तेधर्ते. दिलीप माझा साडू. सिंदी रेल्वे या गावी त्याचं फॅब्रिकेशनचं शेड आहे, दुधाच्या टाक्या बनवतो. ही टाकी नापास झाली असती तर 'दिलीप नकली स्टील लावतो' हे जिल्हाभर झालं असतं. मग त्याला खिडकीची जाळीसुद्धा कोणी करायला दिली नसती. म्हणून त्यानं मला बोलावलं. मी वर्ध्याच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंट बघतो, म्हणजे धातू तापवणं आणि गार करणं. सासुरवाडीत मला 'भट्टीवाले जावई' म्हणतात. मी ती पदवी समजतो.

"काका, शीट एकच आहे," मी सुरू केलं. "या स्टेनलेस स्टीलमध्ये अणू एका विशिष्ट रांगेत बसलेले असतात. त्या रचनेला ऑस्टेनाइट म्हणतात. तिला चुंबक धरत नाही. पण बुडाला वाटीचा आकार देताना प्रेस मशीन त्याला न तापवताच दाबते. त्या रेट्यात काही रांगा मोडून नव्या बसतात. ते मार्टेन्साइट. ते कडक असतं, आणि त्याला चुंबक धरतं."

काकांनी जांभई दिली. दिलीपनंही दिली, ते मला जास्त लागलं.

"मंग मागच्या टाकीले काऊन नाई चिकटत?" काकांनी विचारलं. "तेबी यानंच बनवली. याच मशीनवर."

उत्तर नसलं की इंजिनिअर प्रयोग करतो.

शेडबाहेर त्याच शीटची कापलेली पट्टी उन्हात पडली होती. चटका बसत होता म्हणून पकडीनं उचलली, व्हाइसच्या जबड्यात आवळली. "आता बघा, वाकवली की चिकटते," असं जाहीर करून भराभर वाकवली. चुंबकानं पट्टीला नुसतं हुंगलं आणि सोडून दिलं.

दिलीप खाली बघायला लागला.

"काय साहेब," काका म्हणाले, "उन्हानं तुमचं स्टीलबी सुस्त होऊन राह्यलं काय?"

टोमणा होता. पण माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं भट्टीपुढं उभं राहून हे मला काकांमुळे सुचलं.

"दिलीप, मागच्या टाकीचं बूड कधी प्रेस केलं होतं?"

"मे महिन्यात, भाऊजी. पंखाबी गरम हवा फेके."

"आणि हे?"

"संक्रांतीच्या आसपास. शेकोटीवर हात शेकून मशीन चालू करत होतो आम्ही."

समोरच्या रसवंतीतून बर्फ मागवला. बादलीत बर्फाचं पाणी केलं. नवी पट्टी बुडवायची, थोडी वाकवायची, पुन्हा बुडवायची. कारण वाकवतानाही ती गरम होते. गरम स्टीलच्या रांगा सहजासहजी बदलत नाहीत. गार स्टीलच्या बदलतात.

चुंबक लावलं. टक्.

काकांनी ओढून पाहिलं. मग बाह्या वर करून म्हणाले, "सरका. मी करतो." त्यांनी स्वतःची पट्टी स्वतः बुडवून वाकवली. तीही चिकटली. सरळ करायला गेले तर होईना.

"कडक झाली ना हे."

"आता उलटं बघा," मी म्हणालो. दिलीपनं गॅसकटरच्या ज्योतीवर ती पट्टी नारिंगी-पिवळी होईपर्यंत तापवली आणि पाण्यात टाकली. चर्र.

"आता तं अजून कडक झाली असंन. इळ्याले असंच पाणी देतात."

"विळ्याचं पोलाद होतं कडक. हे मऊ होतं. रांगा पुन्हा पहिल्यासारख्या बसतात."

पट्टी काकांनी बोटांनी वाकवली. चुंबक निसटून पायाशी पडलं.

"मंग बूडबी तापवून टाका ना."

"मऊ पडेल, काका. पोचे येतील. आता आहे ते फुकटात मजबूत झालंय."

"फुकटात?"

"फुकटात."

काकांनी बुडावर दोन थापा मारल्या आणि टेम्पोवाल्याला हाक दिली.

टाकी तळेगावला व्यवस्थित चालू आहे. काका आता इतर डेअरीवाल्यांना सांगत फिरतात, "बूड थंडीतलंच घेजो, मजबूत राह्यते." त्यामुळे दिलीपकडे हिवाळ्याची कामं उन्हाळ्यातच ठरू लागली आहेत. मी एवढंच शिकलो की लोकांपुढं प्रयोग करायचा असेल तर अभ्यासाआधी हवामान बघावं.