काकूंचं बोट

अड्याळला काकूंचं भाड्याच्या भांड्यांचं दुकान होतं. लग्नाला नेलेले मोठाले गंज, म्हणजे भाताची पातेली, परत आले, की त्या ते उपडे करून बुडावरून बोट फिरवत. बोट काळं झालं तर कुणालाच सोडत नसत. “याले घासलं म्हनते का? वापस ने!” मला तर त्यांची धास्तीच वाटे. पण कुणाकडे मयत झाली, की भांडी बिनभाड्याने जात आणि मागोमाग काकू भात रांधायला पोचत.

त्यांच्या तेरवीला आम्ही पुरुषांनी पहिल्यांदाच भांडी घासली. दुकानात काकूंच्या पाठीमागे कायम गप्प बसणारे काका उठले आणि एकेका गंजाच्या बुडावरून बोट फिरवू लागले. एकापाशी थांबून त्यांनी काळं बोट दाखवलं.

“तिले चालनार नाही, बाप्पा.”

काळा एकच गंज निघाला होता. आम्ही सगळेच गंज पुन्हा घासले.