साळवे सिस्टर आणि बावीस अक्षरं

साळवे सिस्टरांनी आमच्या दाराची बेल पहिल्यांदा वाजवली तेव्हा माझ्या अर्ध्या गालावर साबण होता. सिडकोतल्या आमच्या इमारतीत त्या आठवडाभरापूर्वीच तळमजल्यावर राहायला आल्या होत्या. मला वाटलं, पाण्याची काही तक्रार असेल. दारात साठीच्या ठेंगण्या बाई, केस घट्ट बांधलेले, हातात कागद आणि पेन.

"तुम्ही कॉलेजात इंग्रजी शिकवता म्हणं. तीन अक्षरं सांगा बरं. इंग्रजी, कुठलीबी."

कटकट मिटावी म्हणून मी म्हणालो, "एक्स, वाय, झेड," आणि दार लावून घेतलं.

कॉलेजला निघालो तर बाई जिन्यात उभ्या. बगलेत जाडजूड डिक्शनरी. "हायड्रॉक्सिझिन. अकरा अक्षरं. तिन्ही हायत त्यात. खाजेची गोळी असती."

"औषधाचं नाव म्हणजे शब्द नव्हे," मी म्हणालो.

"डिक्शनरीत हाय, सर. पान दाखवते." आणि त्यांनी खरंच दाखवलं. माझा पहिला तास त्या दिवशी पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाला.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. सिस्टरांचा नियम एकच: दिलेली सगळी अक्षरं ज्यात आहेत असा इंग्रजीतला जास्तीत जास्त लांब शब्द शोधायचा. मी गॅसच्या सिलिंडरशी झटत असो की पेपर तपासत असो, त्या यायच्या, अक्षरं मागायच्या आणि संध्याकाळी शब्द घेऊन हजर व्हायच्या. बरं, मलाही शोधायला लावायच्या. माझा शब्द बहुतेक वेळा दोन-तीन अक्षरांनी तोकडा पडायचा. मग त्या मान हलवायच्या, "असू द्या सर, तुमचा बी चांगलाय." इंग्रजीत पीएच.डी. केलेल्या माणसाला हे रोज ऐकून घ्यावं लागत होतं. माझी बायको वंदना मात्र त्यांना चहा देऊन बसवून घ्यायची.

वंदनाकडूनच कळलं की सिस्टर अजिंठ्याकडच्या. वडील शेतमजूर. मराठीत शिकून नर्सिंगला आल्या आणि तिथली पुस्तकं सगळी इंग्रजीत. पहिल्या परीक्षेत स्पेलिंगमुळेच नापास झाल्या. तेव्हापासून एकेक शब्द सुटा करून पाठ करायची सवय लागली. "बाळ हातात आलं की आम्ही आधी बोटं मोजतो," त्या म्हणायच्या. "शब्दाचं बी तसंच. पुरा हाय का बघायचं, मग म्होरं जायचं."

एका इंग्रजी वर्तमानपत्रात रविवारी असंच कोडं यायचं. एका रविवारी जी, एच, पी आणि वाय अशी अक्षरं होती. मी लगेच सांगितलं, "सिनेमॅटोग्राफी. चौदा अक्षरं. याहून लांब शब्द नाही." पुढच्या रविवारी छापून आलेलं उत्तरही तेच होतं. मी तो अंक मुद्दाम त्यांच्याकडे नेऊन दिला.

संध्याकाळी त्या वर आल्या. "सर, पेपरवाल्यांचं चुकलंय. इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राफी. ईईजीचं पूर्ण नाव. बावीस अक्षरं. त्या खोलीच्या पाटीखाली पेशंटला घेऊन किती वर्षं बसले मी. तुम्ही इंग्रजीचे. तुम्ही त्यांना लिहा."

मी हो म्हणालो, पण लिहिलं नाही. एवढ्याशा कोड्यासाठी प्राध्यापकानं पत्र लिहायचं? शिवाय ती चूक माझीही होती, ते निराळंच. दोन दिवसांनी त्यांनी विचारलं, "लिवलं का?" चौथ्या दिवशी पुन्हा. आठव्या दिवशी मी चिडून म्हणालो, "केलाय मेल."

ही आणखी मोठी चूक. आता त्या उत्तराची वाट बघू लागल्या. "आलं का काही?" जिन्यात, गेटवर, भाजीच्या गाडीपाशी, सगळीकडे. एकदा तर माझ्या विद्यार्थ्यांसमोर. शेवटी मी तुटकपणे म्हणालो, "सिस्टर, ते लोक उत्तर देत नसतात. सोडा तो विषय."

"बरं," त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या.

तीन आठवड्यांनी आमच्या स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यानं ते वर्तमानपत्र माझ्यापुढे ठेवलं. सिस्टरांनी स्वतः पत्र पाठवलं होतं, स्वतःच्या इंग्रजीत, आणि ते जसंच्या तसं छापलं होतं. शेवटी लिहिलं होतं, "आमचे शेजारी प्राध्यापक जाधव सर यांनी याविषयी आपणास आधीच कळविले आहे. श्रेय त्यांनाही द्यावे." खाली संपादकांची टीप होती: सिस्टरांचा शब्द बरोबर आहे, आम्ही आभारी आहोत, प्राध्यापक जाधवांचा मेल मात्र आमच्याकडे आलेला नाही. सहकाऱ्याचं बोट या शेवटच्या ओळीवर होतं.

घरी आलो तर सिस्टर पेढे घेऊन बसलेल्या. वंदना माझ्याकडे बघत होती. तिनंही टीप वाचली होती.

"तुमचा मेल मधीच कुठं अडकला असंल, सर," सिस्टर म्हणाल्या. "होतं असं."

"हो," मी म्हणालो. "झालं असेल."

त्यानंतर त्यांनी मला काही लिहायला सांगितलं नाही. पेन्शनच्या कागदांत घोळ झाला तेव्हा अर्जही त्यांनी स्वतःच लिहिला. अक्षरं मात्र रोज मागत राहिल्या, पूर्वीसारखीच, तीच वेळ, तोच कागद. याचाच मला जास्त त्रास व्हायचा. एकदा भांडल्या असत्या तर मोकळं होता आलं असतं. तशी संधी त्यांनी तीन वर्षांत एकदाही दिली नाही.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी त्यांना नांदेडला घेऊन गेली. सामान गाडीत चढलं, वंदनाचे डोळे पुसून झाले, आणि मी गाडीच्या खिडकीशी वाकून म्हणालो, "सिस्टर, तो मेल मी केलाच नव्हता."

"माहीत हाय की," त्या म्हणाल्या. "गोळी घेतली म्हणून सांगणारे पेशंट लई बघितले मी. चादर बदलताना उशीखाली सापडती."

"मग मला कधी बोलला का नाहीत?"

"उशीखालची गोळी दाखवली की पेशंट तोंड फिरवून बसतो, सर. मग त्याला बरं कोण करणार?" त्यांनी पदर सावरून घेतला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चला, उशीर व्हायलाय."

गाडी वळून दिसेनाशी झाली तरी मी गेटवरच उभा होतो. मला चक्क राग आला होता. इतकी वर्षं मी समजत होतो, या बाईंना सहन मी करतोय.