माणसांचा रकाना

सकल प्राणिमात्रांना नित्य नव्याने उजेड देणाऱ्या श्रीसूर्यनारायणाला माझे साष्टांग वंदन. आज रथसप्तमी. संक्रांतीचा तिळगूळ आजपर्यंत देता येतो, आणि माझी एक जुनी विद्यार्थिनी दरवर्षी अगदी या शेवटच्या दिवशी, दिवेलागणीला, धापा टाकत डोंबिवलीच्या माझ्या घरी येत असे. यंदा ती आली नाही. तिची दूरच्या जिल्ह्यात बदली झाली आहे. ती का झाली, हे लिहून ठेवणे मला आज कर्तव्य वाटते.

रस्त्याने बस गेली की लोक तिचा क्रमांक पाहतात. ही आतली माणसे पाही. माझ्याशी बोलता बोलता मध्येच थांबे, ओठ हलत, 'एकोणसाठ' असे पुटपुटे आणि अर्धे राहिलेले वाक्य पुरे करी. एका सरकारी कार्यालयात ती वाहतुकीचे सर्वेक्षण करणारी अभियंता होती. सहकारी तिला कुचेष्टेने 'डोकी-मॅडम' म्हणत. तिने ते नाव इतके मनावर घेतले, की फोन उचलताच स्वतःच सांगे, "बोला, डोकी-मॅडम बोलतेय."

शाळेत मी तिला संस्कृत शिकवले होते. पुढे अनेक वर्षांनी एका रविवारी ती माझ्या पूजेच्या वेळेस येऊन दाराशी बसली. आरती झाल्यावर म्हणाली, "सर, 'वाहन' हे करण ना?"

"ज्याच्या योगे वाहून नेले जाते ते वाहन. करणच ते."

"आणि जे वाहून नेलं जातं?"

"ते कर्म."

"मग आमचं ऑफिस करण मोजतं आणि कर्म रस्त्यावर सोडून देतं!"

मला हसू आले. तिला आले नाही. तिने पिशवीतून कोरा तक्ता काढला. दुचाकी, रिक्षा, मोटार, बस, ट्रक असे छापील रकाने होते. शेवटी समासात तिने पेनाने एक रेघ ओढून लिहिले होते : माणसे.

मी शंका काढली, की बस तर मोटारीपेक्षा कितीतरी अधिक धूर सोडते. "सोडते ना," ती म्हणाली. "पण धूर गाडीचा विचारू नका सर, माणशी विचारा. बसचा धूर साठ जणांत वाटला जातो. मोटारीतला एकटा साहेब सगळा स्वतःच्याच नावावर सोडतो. वरची हवा तापते ती या बेरजेने." वस्तूपेक्षा तिच्या प्रयोजनाकडे पाहावे, असे मी जन्मभर शिकवीत आलो, ते असे रस्त्यावर उभे राहून कोणी आचरेल, हे मात्र मला सुचले नव्हते.

कल्याणकडून डोंबिवलीकडे येणाऱ्या एका रस्त्यावर तिची मोजणी चाले. रस्त्यालगत जमीन असलेले एक आगरी वृद्ध, ज्यांना ती 'बाबा' म्हणे, तिला आंब्याखाली खुर्ची देत आणि स्वतः शेजारी उकिडवे बसत. एकदा मीही तेथे होतो.

"बाय, त्या गारीन कती मानसं?"

"एकच, बाबा."

"येवरी मोठी गारी, न् एकला? माजा पोरगा चुन्याची पुरी आनाला पन गारी घेऊन जातो. त्याला कती मोजलंस?"

"एक."

"अर्दा मोज. डोकं घरा ठेवून जातो त्यो!"

त्या रस्त्यावर मोटारींसाठी उड्डाणपूल बांधावा, की एक मार्गिका केवळ बससाठी राखावी, हे त्या मोजणीवर ठरणार होते. गाड्या मोजल्या तर पूल येत होता; माणसे मोजली तर बस. वरिष्ठांनी तिला बोलावून सांगितले, "मॅडम, हा रकाना आपल्या नमुन्यात नाही. खोडा आणि सही करा."

"खोडते, साहेब. पण त्यातली माणसं कुठे उतरवू, ते लेखी द्या."

"नियम नियम असतो."

"मग नियमाची सही घ्या. माझी मिळणार नाही."

पंधरवड्यात बदलीचा आदेश आला. निरोप घ्यायला आली तेव्हा मीच कासावीस होऊन म्हणालो, "बाळ, एक रेघच तर होती."

ती शांतपणे म्हणाली, "सर, आठवीत तुम्ही माझ्या एका विसर्गासाठी आख्खं वाक्य चूक दिलं होतंत. तेव्हा सोडलं असतंत, तर मीही आज सोडलं असतं."

पुलाच्या प्रस्तावावर नागरिकांच्या हरकती मागवल्या गेल्या. आयुष्यात मी कशालाही हरकत घेतलेली नव्हती. आठ दिवस सकाळी मी त्या आंब्याखाली बसलो. बसची आसने ठरलेली असतात, उभे तेवढे मोजावेत, ही तिची युक्ती मला ठाऊक होती. मोटारींकडे बाबांनी लक्ष ठेवले. ती मोजणी जोडून मी हरकत नोंदवली. सुनावणीत अधिकारी म्हणाले, "आजोबा, सर्वेक्षणाचा अधिकार तुम्हाला नाही."

मी उभा राहिलो. "महोदय, मोजण्याचा अधिकार मला पहिलीच्या वर्गात मिळाला आहे. तो काढून घ्यायचा असेल, तर तसा आदेश काढावा." मागच्या बाकावरून बाबा ओरडले, "न् माजापन काढा!"

सभागृह हसले; अधिकारी हसले नाहीत. तथापि फेरसर्वेक्षणाचा आदेश निघाला. पूल होईल की बसला वाट मिळेल, हे अद्याप ठरलेले नाही. गेल्या आठवड्यात मोजणीसाठी नेमलेली मुले नवे तक्ते घेऊन रस्त्यावर उभी राहिली. मी एक तक्ता मागून पाहिला आणि तेथूनच तिला फोन लावला.

"रकाना आहे, सर?"

"आहे. छापील."

मग ती म्हणाली, "छान झालं. आता ज्याला तो नको असेल, त्याने सही करून खोडावा."

वाचकहो, ज्याचे रक्षण करावयाचे त्याच्यासाठी ठाम उभे राहण्याचे बळ परमेश्वर आपणांस देवो. आपल्या घरी आरोग्य नांदो, मुलाबाळांना निर्मळ हवा लाभो, आणि घराबाहेर पडलेला प्रत्येक जण सुखरूप परत येवो. शुभं भवतु.