कुंकू लावलेली मशीन

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मी कंप्युटरवरची लिनक्स सिस्टीम अपग्रेड करून मशीन बंद केली. सकाळी लावली तर स्क्रीन काळीठिक्कर. माझं डोकंच फिरलं. अपग्रेडनंतर ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र आणणारा प्रोग्राम, बिघडतो, हे मला पाठच होतं. मोबाइलवरून मशीनमध्ये शिरलो, ड्रायव्हर काढला, जुना टाकून पाहिला, तोही काढला. दुपारपर्यंत तो ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धारल्या. स्क्रीन काळीच.

आई आत आली. "सणाच्या दिवशी काऊन चिडून राह्यला?"

"स्क्रीन लागत नाई."

"सकाळीच तं पुसली मी, तू उठाच्या आधी. बाबानं वखर धुतला पूजेसाठी, मंग तुही मशीन काऊन तशीच ठेवू? वायरी काढल्या, हळदकुंकू लावलं, अन् होत्या तशा खोचून देल्या."

मी मशीनच्या मागे वाकून पाहिलं. स्क्रीनची वायर ग्राफिक्स कार्डातून निघून वरच्या, तसल्याच दिसणाऱ्या पण कार्ड असताना चालत नसलेल्या भोकात बसली होती. बाजूला कुंकवाचं बोट.

वायर बदलली. स्क्रीन लागली, पण अक्षरं वाटीएवढाली, फाटकी. अपग्रेडनं काहीच बिघडवलं नव्हतं. आईनंही नाही. ड्रायव्हर आता मात्र खरोखर बिघडला होता, माझ्या हातानं.