दाजींचा एकुलता एक इंग्रजी शब्द

एका शब्दाच्या जोरावर सबंध इंग्रजी भाषा जिंकायला निघालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. भूमच्या शाळेत ते गणित शिकवत, तेही उर्दूतून. निजामाच्या राज्यात तशीच रीत होती. पोलीस ॲक्शन झाली, शाळेतून उर्दू गेली आणि वरून हुकूम आला की वर्षभरात इंग्रजीची परीक्षा द्या, नाहीतर हायस्कूल सोडून प्राथमिक शाळेवर जा. हायस्कूल म्हणजे दाजींचा जीव की प्राण. त्यांनी कुठूनशी जुनी डिक्शनरी पैदा केली, आठ दिवस चाळली आणि 'गेट' या शब्दापाशी मुक्काम ठोकला. 'गेट' म्हणजे मिळणे, एवढंच मला ठाऊक होतं. दाजींना तिथं पानभर अर्थ सापडले. "जो शब्द एवढ्या कामाला येतोय, तो एकटा पक्का केला तर निम्मी इंग्रजी आली का न्हाई?" त्यांनी मलाच विचारलं.

मग त्यांना शोध लागला. "अहो, इंग्रजांचं गेट म्हंजे आपलं लागणं!" झालं, तेव्हापासून भूक लागली की 'आय गेट हंगर', आणि ठेच लागली की आधी 'आय गेट स्टोन', मग "आई गं!" येडशीला मोटारीनं जाताना वाटेत गाव लागलं की ते 'व्हिलेज गेट' म्हणत. शेजारणीच्या लेकराला उचकी लागली, तर पाणी आणायचं सोडून दाजी वही आणायला धावले. उचकीला इंग्रजीत काय म्हणतात, असं मी विचारलं. "ते बघू पुढं. गेट तर पक्कं झालं!" ही वही उर्दूच्या सवयीनं उजवीकडून उघडायची. वर इंग्रजी वाक्य, खाली उर्दूत अर्थ. संध्याकाळी ते दोन्ही मोठ्यानं घोकत आणि शाळेचं तोंड न पाहिलेली अक्का भाकरी थापत ऐके. "ह्यांचं गेट मला झोपंतबी ऐकू येतंय," ती कुरकुरायची.

परीक्षेत 'माझे गाव' हा निबंध त्यांनी एकट्या 'गेट'वर तडीस नेला आणि खुशीत घरी आले. नापास झाले. प्राथमिक शाळेवर गेले, चिल्ल्यापिल्ल्यांना पाढे शिकवत राहिले. वही पेटीत गेली.

दाजी वारल्यावर अक्कानं ती काढली. "तुला इंग्रजी येतंय. वाच." उर्दू मला वाचता येत नव्हती, म्हणून मी वरची वाक्यं वाचू लागलो. 'आय गेट हंगर.'

"भूक लागली," अक्का पटकन म्हणाली.

'आय गेट स्टोन.'

"ठेच लागली." तिला सगळं पाठ होतं. इंग्रजी माझं, अर्थ तिचे, अशी आम्ही सबंध वही वाचली, हसलो, रडलोही. शेवटच्या पानावर 'आय गेट पास' होतं आणि खाली उर्दूत दोन ओळी. अक्कानं त्या ओळींवरून बोट फिरवलं. "हे मोठ्यानं कधी म्हणलेच न्हाईत ते," ती म्हणाली.

गावात उर्दू वाचणारे अजून पुष्कळ होते. मी वही घेऊन उठलो, तसा तिनं माझा हात धरला.

"राहू दे रे. त्यांनी मलाबी सांगितलं न्हाई, ते परक्याच्या तोंडून कशाला ऐकू?"

मी वही तिच्या हातात परत दिली.