साहेबाला नेलेला टॉवेल

मी नेलेल्या टॉवेलानं बँकेच्या साहेबानं बूट पुसले. माझ्यासमोर. आधी डावा, मग उजवा. आमच्या घरच्या मागावर विणलेला टॉवेल होता तो.

सोलापुरात आमच्यासारखी विणणारी माणसं काम घेऊन कुणाकडं गेली, की सोबत एक टॉवेल नेतात. रिकाम्या हातानं जायची लाज वाटते. आता त्या लाजेचीच चीड येते.

दोन महिन्यांपूर्वी एक माणूस आमच्या दुकानात आला. बहिणीचं लग्न, आहेराला दीडशे टॉवेल हवेत म्हणाला. कार्ड दुबईच्या मेव्हण्याचं. त्या कार्डाला पिन लागत नव्हता, नुसती सही. बँकेनंच दिलेल्या मशीननं व्यवहार मंजूर केला, चिठ्ठी बाहेर आली. मी ओळखपत्र मागितलं नाही. लग्नघरच्या माणसाला आम्ही गठ्ठ्यावर हळदकुंकू लावून देतो, कागद मागत नाही. कार्ड चोरीचं निघालं. बँकेनं सगळी रक्कम माझ्या खात्यातून परत ओढली. सुताला पैसा उरला नाही आणि दोन्ही माग बंद पडले.

ती रक्कम मागायला टॉवेल घेऊन बँकेत गेले, तर बूट पुसून झाल्यावर साहेबानं एक कागद पुढं सरकवला. चूक माझीच, माझी काही तक्रार नाही, असं त्यावर छापलेलं.

"सही कर. नाहीतर चोराची साथीदार म्हणून पोलिसात देईन."

"मशीन तुमचं, मंजुरी तुमची. मग चूक माझी कशी वो, सायेब?"

"टॉवेल विकणारी बाई तू. मला अक्कल शिकवतेस?"

त्यानं रखवालदाराला खूण केली. रखवालदारानं माझा दंड पिरगाळला, ढकलत नेलं. तोंड काचेच्या दारावर आपटलं. ओठ फाटला. रांगेतली माणसं आपापल्या पासबुकात बघत राहिली.

आजवर प्रत्येक टेबलापुढं मी मान खाली घातली होती. तोंडात रक्ताची चव आली आणि माझं भय गेलं. रखवालदाराच्या हाताला कडकडून चावले. सुटले. मागं फिरले आणि पेपरवेट उचलून साहेबाच्या टेबलाच्या काचेवर घातला. काच फुटली. साहेब खुर्चीसकट मागं सरकला.

"दे आता पोलिसात! तू कशाला, मीच जाते की!"

टॉवेल उचलला, त्याच टॉवेलानं तोंड पुसलं आणि तडक पोलीस ठाण्यात गेले.

काच फोडल्याचा गुन्हा माझ्यावर आहे. असू दे. कागदावर सही केलेली नाही. करणार नाही. टॉवेल धुतलेला नाही. त्यावर त्याच्या बुटाची माती आहे, माझं रक्त आहे. यापुढं आमच्या मागावरचा टॉवेल कुठल्याही साहेबाच्या टेबलावर जाणार नाही. हा एक जाईल. न्यायाधीशांच्या.