व्हर्नाचं परतीचं भांडं

व्हर्ना स्कोग्मोच्या शेजारच्या खुर्चीवर हार्लन त्वेट अकरा वर्षं बसला. पण तिच्या घरी साधी कुंडीसुद्धा नव्हती, हे त्याला तिच्या अंत्यविधीच्या दिवशी कळलं. चर्चच्या तळघरात कॉफी चालली होती. तिची बहीण सहज म्हणाली, "दुसरा मजला, उत्तरेकडची खोली. ऊनच कुठे येतं तिथे?" हार्लनच्या हातातला कप हातातच राहिला. टोमॅटो कधी लावायचे, काकडीवर भुरी का पडली, हे अर्ध्या मिनेसोटाला फोनवर सांगणारी ही बाई, आणि तिचा स्वतःचा एक वाफा नव्हता.

तिचं लग्न कधी झालं होतं का, रविवारी दुपारी ती काय करायची, हे त्यानं कधी विचारलं नाही. विचारायचा धीरच झाला नाही. तिची त्याला पुरती ठाऊक असलेली गोष्ट एकच, ती शेवटच्या उन्हाळ्यातली. तीही तो तिथेच बसून होता म्हणून.

कंपनी बियाण्यांची, जुनी. तिच्या एका कोपऱ्यात दोन फोन होते. बागवाल्यांनी वाटेल ते विचारावं आणि व्हर्नानं किंवा हार्लननं उत्तर द्यावं, एवढंच त्यांचं काम. काही वर्षांपूर्वी कंपनीनं अ‍ॅप काढलं. काय केव्हा पेरायचं, पाणी कधी घालायचं, ते त्यात दिसायचं आणि काही अडलं की त्यातूनच थेट या कोपऱ्यात फोन लागायचा. वसंतात हजारो लोक ते अ‍ॅप घ्यायचे. रोपं एकदा जमिनीत गेली की जुलैपर्यंत निम्म्याहून जास्त काढून टाकायचे.

मे महिन्यात मालक रॉल्फ त्या कोपऱ्यात आले. आधी पावसाबद्दल बोलले, मग वाऱ्याबद्दल. रॉल्फ असं हवेवरून सुरू करत तेव्हा बातमी वाईट असे, हे हार्लनला ठाऊक होतं. रॉल्फ खिडकीकडे बघत म्हणाले, "सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत वसंतातले निम्मे लोक टिकले नाहीत तर अ‍ॅप बंद करावं लागेल. आणि मग हे फोनसुद्धा. प्रश्नांची उत्तरं बाहेरची एक कंपनी मशीनकडून देते म्हणे."

व्हर्ना म्हणाली, "हं." आणि वाजणारा फोन उचलला.

अ‍ॅपचं काम मारिसाकडे होतं. कॅलिफोर्नियाची, तिशीतली, चालणं-बोलणं दोन्ही भराभर. तिनं एक युक्ती काढली होती. आपल्या भाजीचा फोटो टाकायचा, वजन लिहायचं, की अ‍ॅप त्याला सोनेरी फीत लावून देई, खाली मोठ्या अक्षरांत 'बघा, मी काय पिकवलं!' आणि शेजारी सगळ्यांना पाठवायचं बटण. तिच्या आधीच्या नोकरीत असली युक्ती वणव्यासारखी पसरली होती. इथे तीन आठवड्यांत एकोणीस जणांनी बटण दाबलं. त्यातले सात ऑफिसातले.

मारिसा येऊन व्हर्नाच्या टेबलावरच बसली. "तुम्ही दिवसभर या लोकांशी बोलता. बटण दिसत नाही का यांना?"

"दिसतं की."

"मग दाबत का नाहीत?"

"स्वतःच्या टोमॅटोची टिमकी स्वतःच वाजवायची? अगं, मागचं बाक मिळावं म्हणून अर्धा तास लवकर चर्चला येणारी माणसं ही!"

हार्लनला कॉफीचा ठसका लागला.

"मग एकमेकांना सांगतात तरी काय?"

"'फार झाल्यात हो, घेऊन जा, आमची सुटका होईल.' असं सांगतात."

बियाण्याचं एक रिकामं पाकीट उलटं करून व्हर्नानं त्यावर पेन्सिलीनं चौकट काढली. ते पाकीट हार्लननं पुढे जपून ठेवलं. काकडीसारखी दिसणारी झुकिनी तिकडे उन्हाळ्यात ढिगानं येते. चौकटीत लिहिलं होतं: 'आमच्याकडे झुकिनी फार झाल्यात. न्याल का?' हे आपल्या माणसाला पाठवायचं. उघडायला त्याच्याकडे अ‍ॅप असायची गरज नाही. खाली ठळक बटण: 'नको नको, आहेत आमच्याकडे.' ते दाबलं की 'बरं, मग दोनच न्या.' त्याखाली पुन्हा 'अहो, कशाला त्रास?' ते दाबलं की 'नाहीतर टाकूनच द्यायच्यात.' आणि तिसऱ्या वेळी 'वाया जाणार असतील तर मग…' हाच होकार, आणि शेजारी शेवटचं 'नको'.

मारिसानं ते दोनदा वाचलं. "'नको'चं बटण आधी? आणि तेही पुन्हा पुन्हा? आमच्या धंद्यात पहिल्या 'नको'ला गिऱ्हाईक गेलं असं धरतात."

"आणि आमच्याकडे पहिल्या फटक्यात 'हो' म्हणणाऱ्याला आईनं काही शिकवलं नाही, असं धरतात. एक बारीक 'हो' ठेवू कोपऱ्यात. परगावच्यांसाठी."

"म्हणजे माझ्यासाठी."

"तुझ्यासाठीच."

पण नुसतं घेऊन माणूस टिकत नाही, हेही तिनं ओळखलं होतं. घेणाऱ्याच्या फोनवर तिनं एक काचेचं भांडं ठेवलं. त्याच्या बुडाला चिकटपट्टी, आणि पट्टीवर देणाऱ्याचं नाव. सामुदायिक जेवणाला प्रत्येकानं घरून नेलेल्या भांड्यावर लावतात, तशीच. भांडं रिकामं परत करता येत नाही. त्यात काहीतरी घालूनच पाठवायचं: लोणच्याची कृती, पुदिन्याची फांदी, नाहीतर सकाळी उमललेल्या फुलाचा फोटो. मग भांडं देणाऱ्याकडे येतं आणि फेडायची पाळी त्याची. मारिसाचे डोळे चमकले. सतरा दिवस झाले, भांडं परत केलं नाही, अशी लाल खूण दाखवावी असं तिला वाटलं. व्हर्नाचा आवाज चढलेला हार्लननं तेवढा एकदाच ऐकला.

"भांड्यासाठी तगादा लावायचा नाही! ते नुसतं दिसू दे, घरच्या ओट्यावर दिसतं तसं, तेवढं पुरे. रोज सकाळी कॉफी करताना दिसतं."

आधी कागदावर करून बघू, असं ठरलं. तीन रविवार सकाळी व्हर्ना चर्चच्या तळघरात त्या चौकटी लिहिलेले कागद मांडून बसली. हार्लन शेजारी, टिपणं घ्यायला. मिल्टन नावाच्या एका म्हाताऱ्यानं तिन्ही वेळा 'नको'वर बोट ठेवलं आणि उठला. हार्लननं वहीत फुली मारली.

"थांब," व्हर्ना हळूच म्हणाली. "टोपी घालू दे त्याला."

मिल्टननं टोपी घातली, दोघातिघांचा निरोप घेतला, दारापर्यंत गेला, पुन्हा कुणाशी तरी बोलला आणि शेवटी मागे वळला. "कुणीच नेत नसेल तर… सुनेला आवडतात तशा."

त्या दिवशी तिनं आणखी एक ओळ वाढवली. तीनदा नको म्हणणाऱ्याला काही बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त एवढंच: 'पायरीवर ठेवल्यात.' त्यानंतर एक अक्षरही नाही.

जुलैच्या मध्याला ते सगळं अ‍ॅपमध्ये आलं. पहिल्या आठवड्यात ज्यांनी उघडलं त्या जवळजवळ सगळ्यांनी 'नको' दाबलं. मारिसाचा चेहरा उतरला. रॉल्फ स्वतः आले, आणि या वेळी पावसाबद्दल बोललेच नाहीत.

"व्हर्ना, ती नकोची बटणं काढून टाका. लोक नको म्हणताहेत."

हार्लननं मान खाली घातली. मालकाला उत्तर द्यायचं त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. व्हर्नानं मात्र चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुमच्या बहिणीनं पाठवलं असेल ना तुम्हाला?"

"पाठवलं."

"तुम्ही काय दाबलंत?"

रॉल्फ खिडकीकडे बघायला लागले. "नको."

"आणि मग?"

"काल आणल्या. सहा."

"मग आठवडाभर थांबा," व्हर्ना म्हणाली.

रॉल्फ थांबले. जुलैच्या शेवटी भांडी फिरायला लागली. झुकिनीच्या बदल्यात लिंबाच्या वड्यांची कृती आली, तिच्या बदल्यात लसणाची वेणी. एक भांडं अ‍ॅरिझोनाला कुणाच्या मुलाकडे गेलं. त्यानं आत निवडुंगाचा फोटो घालून परत केलं. त्याची आई तो फोटो चार मैत्रिणींना दाखवत सुटली आणि त्या चौघींनीही अ‍ॅप घेतलं. घ्यायला आलेली माणसं भांडं परत करायला पुन्हा अ‍ॅपमध्ये येत, आली की पानांवरच्या डागांबद्दल विचारत, आणि फोन वाजत. एक बाई रोज फोन करून फक्त एवढंच विचारायची, 'माझं भांडं अजून तिच्याकडेच आहे ना?' आणि हो म्हटलं की समाधानानं ठेवून द्यायची. प्रत्येकीशी बोलताना व्हर्नाचा आवाज तोच, घाई नसलेला. हार्लनला वाटायचं, अ‍ॅपमध्ये जे काही चांगलं आलं ते या आवाजातून आलं. हे तिला सांगावं म्हणून त्यानं वाक्यही जुळवलं होतं. सांगितलं नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी कामगार दिनाची सुट्टी होती. मंगळवारी रॉल्फ आले. आधी वाऱ्याबद्दल बोलले. हार्लननं टेबलाची कड धरली.

"निम्म्याहून थोडे जास्त टिकलेत," ते म्हणाले. "फोन राहतील. दोन्ही."

मारिसानं धावत येऊन व्हर्नाला मिठी मारली. व्हर्ना खांबासारखी उभी राहिली आणि तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

"वाईट नाही झालं," ती म्हणाली.

तिथल्या माणसाच्या तोंडून याहून मोठा शब्द निघत नाही.

पुढे महिनाभर ती त्या फोनवर होती. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी सकाळी, घरातून निघायच्या आधीच, तिच्या काळजानं दगा दिला. आदल्या संध्याकाळी कोट चढवताना ती हार्लनकडे वळली होती.

"उद्या सकाळचे फोन तू घेशील? डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय."

"घेतो."

"लसणाचं विचारतील. अजून आठवडाभर थांबा म्हणावं, जमीन गरम आहे."

"बरं."

"दहापर्यंत येते मी."

"सावकाश ये."